खेळातले अरण्य आणि मेळघाटातले अरण्य

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी, वलगाव हे गाव आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी याच गावाजवळ, प्रवासात असताना, देह ठेवला. एरवी एखाद्या मोठ्या खेड्यासारखेच असलेले हे गाव त्यामुळे महाराष्ट्राला नावाने ठाऊक झाले. हाच रस्ता पुढे परतवाडा ओलांडून सातपुड्याच्या घाटात चढतो आणि मेळघाटाच्या अरण्यात शिरतो. वलगावातून निघालेला माणूस काही तासांत सागाच्या सावलीत पोचू शकतो. परंतु पदवी हातात घेऊन नोकरीची वाट पाहणारा इथला तरुण सायंकाळी निराळ्याच अरण्यात शिरलेला असतो. ते अरण्य पडद्यावरचे आहे. तिथे तो उंच गवतात पोटावर सरपटतो, पहारेकऱ्याची पाठ वळण्याची वाट पाहतो, चाहूल लागू न देता पुढे सरकतो. चोरपावलांनी शत्रूच्या मुलखात शिरण्याचा हा खेळ जगभर कोट्यवधी लोक खेळतात. वऱ्हाडातली मुलेही आता त्यांत आहेत.

राजकीय साप्ताहिकाच्या पानावर या विषयाचे काय काम, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु हेच कार्यकर्ते शाखेच्या बैठकीत तरुणांच्या रिकाम्या सतरंज्या पाहतात आणि “मोबाइलने पोरे नासवली” असे म्हणून विषय मिटवतात. हे वाक्य निदान नव्हे. ती केवळ तक्रार आहे. एक अख्खी पिढी आपल्या दिवसातले दोन-तीन तास ज्या गोष्टीला देते, ती गोष्ट नेमकी काय आहे, ती कोण बनवते, कोणत्या किमतीला विकते आणि माणसाच्या मनात काय पेरते, याचा विचार न करता समाजपरिवर्तनाची भाषा करणे म्हणजे जमीन न तपासता पेरणी करण्यासारखे आहे.

या प्रकारच्या खेळांत ज्याचा उल्लेख आवर्जून होतो, असा एक खेळ उदाहरणादाखल घेता येईल. ‘मेटल गिअर सॉलिड ३ : स्नेक ईटर’ हा खेळ जपानच्या कोनामी कंपनीने २००४ साली बाजारात आणला. हिदेओ कोजिमा हे त्याचे दिग्दर्शक. कथा १९६४ सालच्या ऑगस्टमध्ये सुरू होते. एक अमेरिकी हेर सोव्हिएत मुलखातल्या एका काल्पनिक अरण्यात एकटा उतरतो. त्याच्याजवळ फौज नाही, रसद नाही. झाडाच्या सालीसारखा, पाचोळ्यासारखा, चिखलासारखा दिसणारा पोशाख त्याने प्रसंगानुसार बदलायचा, चेहऱ्याला रंग फासायचा. तो भोवतालात किती मिसळला आहे याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात टक्क्यांनी दिसत राहतो. भूक लागली की साप, बेडूक, फळे, अळंबी जे मिळेल ते खायचे. साठवलेले अन्न दिवस गेले की नासते. गोळी लागली तर ती स्वतःच काढायची, जखम धुवायची, टाके घालायचे, पट्टी बांधायची.

हे सारे वाचून एखाद्याला वाटेल की हा रक्तपाताचा पाठ आहे. वस्तुस्थिती तशी सरळ नाही. या खेळात बहुतेक शत्रूंना न मारता, गुंगीचे औषध टोचून किंवा नुसते टाळून पुढे जाता येते, आणि तसे जाणाराच कसबी मानला जातो. एके ठिकाणी नायकाला एका नदीतून चालत जावे लागते. त्या नदीत त्याने आजवर मारलेली माणसे एकेक करून समोर येतात. ज्याने कमी मारली त्याची वाट लवकर सरते. ज्याने बेदरकारपणे मारली त्याची वाट संपता संपत नाही. अखेरीस नायकाला आपल्या गुरुस्थानी असलेल्या स्त्रीला ठार मारावे लागते, आणि तो चाप खेळणाऱ्याच्याच बोटाने ओढावा लागतो. नंतर उलगडते की ती देशद्रोही नव्हतीच. तिच्याच सरकारने तिला ते सोंग घ्यायला लावले होते आणि आपली अब्रू झाकण्यासाठी तिचा बळी घेतला होता. नायकाला राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदक मिळते. ते त्याला सुखाने मिरवता येत नाही.

म्हणजे राज्यसंस्था माणसाला हत्यार म्हणून वापरते आणि वापरून झाल्यावर फेकून देते, हा विचार या खेळाच्या गाभ्यात आहे. पोथीनिष्ठ पुस्तिकांतून जे तरुणांपर्यंत पोचत नाही, ते इथे एका करमणुकीच्या वस्तूतून त्यांच्या बोटांपर्यंत पोचते. हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. धीर धरणे, निरीक्षण करणे, अकारण हिंसा टाळणे हे गुण खेळातून अंगी बाणतातच असे नव्हे. परंतु खेळ त्यांची चव तरी देतो.

तथापि या अरण्याचे मोठे वैगुण्य हे की त्यात माणसे राहत नाहीत. तिथे शिकार आहे, पहारेकरी आहेत, तळ आहेत. गाव नाही, शेत नाही, पाणवठ्यावर घागर घेऊन आलेली बाई नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. १९६४ च्या ज्या ऑगस्ट महिन्यात ही कल्पित कथा घडते, त्याच महिन्यात टोंकिनच्या आखातातील घटनेचे निमित्त करून अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांना व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाई करण्याची मोकळीक दिली. खऱ्या अरण्यात त्या वेळी लपत होते ते व्हिएतनामचे शेतकरी. त्यांना लपायला जागा उरू नये म्हणून अमेरिकी विमानांनी १९६१ ते १९७१ या काळात सुमारे सात ते आठ कोटी लिटर विषारी तणनाशके फवारली. माणूस सापडत नाही तर झाडच मारा, असे ते युद्धशास्त्र होते. त्या विषाचे परिणाम पुढच्या पिढ्यांच्या शरीरांवरही उमटले. खेळातले अरण्य कोणी कितीही जाळले तरी पुन्हा पहिल्यापासून खेळ सुरू करता येतो. त्या अरण्याला ही सोय नव्हती.

आता या वस्तूचा बाजार पाहावा. याच खेळाची नव्याने घडवलेली आवृत्ती २८ ऑगस्ट २०२५ रोजी विक्रीस आली. ती खेळायला लागणारे यंत्र आपल्याकडे पन्नास हजारांच्या आसपास पडते आणि खेळाला आणखी चार-पाच हजार रुपये मोजावे लागतात. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि तोही बाजारात मिळेलच याची खात्री वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कधी नसते. म्हणजे एका खेळाला जवळपास क्विंटलभर सोयाबीन आणि यंत्राला आणखी नऊ-दहा क्विंटल! अर्थातच कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा तो खेळ विकत घेत नाही. तो दुसऱ्याने खेळलेला खेळ मोबाइलवर पाहतो, किंवा शहरात तासाचे भाडे भरून खेळतो, किंवा फुकट मिळणारे त्याच जातीचे खेळ खेळतो. फुकट खेळाची किंमत जाहिराती पाहून आणि आपला वेळ देऊन चुकती होते. खेळातही वर्ग आहेत: काही खेळतात, काही नुसते बघतात.

आणि हा खेळ घडवणारे? तेही श्रमिकच आहेत, एवढेच की त्यांच्या हातात फावड्याऐवजी संगणक आहे. वरील नव्या आवृत्तीच्या कामात कोनामीबरोबर सहभागी असलेल्या व्हर्च्युओस या कंपनीने, खेळ बाजारात येण्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये सुमारे २७० जणांना कामावरून कमी केले. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६,९०० कोटी डॉलर ओतून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही खेळांची कंपनी गिळली, आणि पुढच्या तीनच महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, आपल्या खेळविभागातल्या १,९०० लोकांना घरी बसवले. अमेरिकेत खेळांतल्या पात्रांना आवाज आणि हालचाल देणारे कलावंत २६ जुलै २०२४ पासून सुमारे अकरा महिने संपावर होते. आपला आवाज आणि आपले शरीर एकदा नोंदवून घेऊन पुढे यंत्राकडूनच काम उरकले जाईल, याविरुद्ध त्यांना संरक्षण हवे होते. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या महाराष्ट्राला ही कहाणी परकी वाटू नये. माल नवा आहे, मालकाची रीत जुनीच आहे.

परंतु वलगावच्या तरुणाला सर्वांत जवळचा असलेला प्रश्न या दोन्हींहून निराळा आहे. तो त्याच्या घराच्या उत्तरेला, डोंगरात आहे.

मेळघाटात कोरकू राहतात. अरण्यात जाणे, मोह वेचणे, तेंदूपाने तोडणे, मध काढणे, सरपण आणणे, गुरे चारणे हे त्यांच्या जगण्याचे व्यवहार होते. इंग्रजांनी १८६५, १८७८ आणि पुढे १९२७ साली वनकायदे केले आणि कालपर्यंतचा हा व्यवहार गुन्ह्याच्या व्याख्येत नेऊन बसवला. त्या दिवसापासून कोरकू आपल्याच अरण्यात चोरपावलांनी चालू लागला. सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईने शिपायाची चाहूल घ्यायची, वाट सोडून आडवाटेने उतरायचे, कुऱ्हाड पदराआड धरायची. या कसबाला कोणी गुण दिले नाहीत आणि त्यात हरल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला नाही. हरणे म्हणजे दंड होता, जप्ती होती, शिपायाची मनधरणी होती. लपणे हा कोणाचा विरंगुळा असतो आणि कोणाचे प्राक्तन, याचा निवाडा समाजरचना करते.

स्वातंत्र्याने हे चित्र आपोआप पालटले नाही. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि त्यातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. वाघ वाचला पाहिजे याबद्दल दुमत नाही. पेढी, पूर्णा, तापीच्या खोऱ्यांचे पाणी या डोंगरांच्या हिरवाईशी बांधलेले आहे, हे शेतकऱ्यालाही कळते. प्रश्न एवढाच की वाघाच्या रक्षणाचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडला गेला? १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. न्यायालयाने शासनाला वेळोवेळी जाब विचारला, तरी कुपोषणाचा प्रश्न अजून निकाली निघालेला नाही. या शतकाच्या आरंभी गाभ्यातली गावे उठवण्यास प्रारंभ झाला. बोरी, कोहा आणि कुंड ही त्यांतली पहिली. पुढे अकोट तालुक्यात वसवलेले काही आदिवासी, आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून, पुन्हा आपल्या जुन्या जागी जंगलात परतले; जानेवारी २०१९ मध्ये त्यांना हटवताना संघर्ष झाला आणि वनकर्मचारी व आदिवासी असे दोन्हीकडचे लोक जखमी झाले.

इथे खेळाने लावलेली एक सवय आवरावी लागेल. खेळातला पहारेकरी म्हणजे ठरलेल्या वाटेने फिरणारे दोन डोळे. त्याला घर नाही, पगार नाही, आजारी मूल नाही. मेळघाटातला वनरक्षक तसा नाही. उन्हापावसात मैलोगणती पायपीट करणारा तोही बहुधा गरीबाघरचाच असतो. कोरकू आणि वनरक्षक यांना समोरासमोर उभे करून वरचे मोकळे राहतात, हे ज्याला उमगले त्याला राजकारणाचा पहिला धडा मिळाला.

पहारेकऱ्याची जागा आता यंत्रही घेऊ लागले आहे. वाघांची गणती करण्यासाठी झाडांवर बसवलेले स्वयंचलित कॅमेरे माणसांचीही छायाचित्रे टिपतात. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले ते असे: कॅमेरे आणि ड्रोन यांच्या नजरेखाली आपण आहोत या जाणिवेने सरपण-चाऱ्याला जाणाऱ्या बाया दबून गेल्या, पूर्वी त्या मोठ्याने बोलत, गाणी म्हणत, आणि त्या आवाजाने हत्ती-वाघ दूर राहत, आता त्या गप्प झाल्या आणि अवचित जनावरासमोर येण्याचा धोका वाढला. लपायला लावलेला माणूस अधिक सुरक्षित होत नाही, अधिक एकटा होतो. कोणत्याही खेळातून निघू शकेल त्यापेक्षा हा बोध मोठा आहे.

यावर उत्तर आहे, आणि ते वऱ्हाडाच्याच इतिहासात आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. तो रात्रीच्या अंधारात झाला नाही. राखीव रानातले गवत त्यांनी लोकांदेखत कापले आणि अटक करून घेतली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात लोकांनी गोळ्या झेलल्या. जे गवत गरीब माणूस वर्षानुवर्षे लपूनछपून कापत होता, तेच गवत भर उजेडात, आधी कळवून कापणे एवढाच त्या सत्याग्रहातला फरक होता. कृती तीच, परंतु चोरी म्हणून हिणवलेली गोष्ट हक्क म्हणून उभी राहिली. अन्यायाविरुद्धच्या लढ्यात लपण्यालाही जागा असते, १९४२ च्या भूमिगतांनी ते सिद्ध केले आहे. परंतु भूमिगतही लपले ते पुढे कोणाला लपावे लागू नये म्हणून.

त्याच वाटेने २००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यात पायविहीर हे गाव आहे, म्हणजे वलगावावरून जाणाऱ्या रस्त्याच्याच टापूत. या गावाला २०१२ साली सुमारे १९३ हेक्टर वनावरचा सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेले रान गावकऱ्यांनी राखले, झाडे लावली, सीताफळे एकत्र विकून दलालाचा फास सैल केला. २०१४ साली जैवविविधतेच्या पुरस्काराने त्यांच्या कामाची दखल घेतली गेली. वन राखायला बंदूकधारी पहारेकरीच लागतो, हा समज या गावाने खोटा ठरवला. तिथला माणूस आता आपल्या रानात ताठ चालतो.

मग खेळाचे काय करावे? बंदी हा सोपा उपाय सुचवला जातो. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी चीनशी संबंध जोडून ज्या ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत पबजी हा बंदुकांचा खेळ होता. वर्षभरातच तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने दारात हजर झाला. मुलांची काळजी हे त्या बंदीचे कारण नव्हतेच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. जुगाराने घरे बुडतात, म्हणून त्या तत्त्वाचे स्वागत करावे. मात्र त्याच्या आदल्याच महिन्यात महाराष्ट्राचे कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. मंत्रिमहोदयांनी इन्कार केला, आणि महिनाअखेर त्यांचे कृषी खाते जाऊन त्यांना क्रीडा खाते मिळाले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या वऱ्हाडाने यावर हसावे की रडावे! जुगार वेगळा आणि खेळ वेगळा, हा विवेक सत्तेला नाही. कार्यकर्त्यांना तरी असावा.

इथे वलगावची आठवण पुन्हा उपयोगी पडते. गाडगेबाबांनी जत्रेला जाणाऱ्या लोकांना घरी बसा म्हणून सांगितले नाही. ते स्वतः खराटा घेऊन जत्रेत गेले. दिवसा त्यांनी गाव झाडले आणि रात्री लोकांना जे ऐकायची गोडी होती त्या कीर्तनातूनच त्यांना प्रश्न विचारले. कीर्तन सोडा असे न म्हणता त्यांनी कीर्तनाला कर्ज, दारू, अस्पृश्यता आणि शिक्षण यांवर बोलायला लावले. लोक जिथे जमतात तिथे जाणे आणि त्यांच्याच भाषेत त्यांना विचारात पाडणे, ही त्यांची रीत होती. आजची जत्रा पडद्यावर भरते.

यास्तव कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली: मुले कोणते खेळ खेळतात ते त्यांच्या शेजारी बसून पाहावे आणि पुस्तकावर चर्चा व्हावी तशी खेळावर चर्चा घडवावी, त्या खेळात शत्रू कोण ठरवला आहे, कोणाला घरदार नाही, खेळ बनवणाऱ्याला काय मिळाले, हे प्रश्न तरुण स्वतःहून विचारू लागतील. दुसरी: गावात मैदान, वाचनालय आणि रात्री उघडी राहणारी अभ्यासिका यांसाठी ग्रामपंचायतीकडे हिशेब मागावा, पायाला मोकळी जागा न देता बोटांना दोष देणे अन्यायाचे आहे. तिसरी: वर्षातून एकदा तरी तरुणांची तुकडी मेळघाटात न्यावी. पाहुणे म्हणून नव्हे. ग्रामसभेत मागे बसून ऐकण्यासाठी, वनहक्काच्या अर्जांची कागदपत्रे लिहून देण्यासाठी, पायविहिरीचे रान पायी हिंडण्यासाठी.

पडद्यावरच्या अरण्यात दोनदोन तास चाहूल न देता वाट काढणाऱ्या मुलाच्या अंगी चिकाटी आहे, नजर आहे, धीर आहे. या गुणांना बाहेर काम मिळत नाही, म्हणून ते आत खर्च होतात. वलगावच्या फाट्यावरून घाटाकडे जाणारी गाडी रोज जाते. तिच्यात या मुलांना बसवणे हे चळवळीचे काम आहे.